लाल धागे वजा जाता

१

आमच्या प्रयोगशाळेत प्लास्टिक आणायला बंदी आहे, आणि ती मी घातलेली असल्यामुळे पाळली जाते. बाटल्या काचेच्या, चिमटे आणि तसराळी पोलादाची, डबेसुद्धा स्टीलचे. एकदा वरच्या मजल्यावरचे साहेब नायलॉनचं जॅकेट घालून आत यायला निघाले, तेव्हा त्यांना मी दारातूनच परत पाठवलं होतं. तेव्हापासून ते माझ्याशी जरा जपून बोलतात. बरंच आहे ते.

खाडीतल्या काळ्या शिंपल्यांच्या पोटात प्लास्टिकचे किती कण आणि धागे आहेत, हे मोजणं आमचं काम. शिंपला उघडायचा, त्याचं मांस क्षाराच्या पाण्यात विरघळवायचं, ते पाणी गाळणकागदातून ओढून घ्यायचं आणि कागदावर जे उरेल ते भिंगाखाली मोजायचं. उरतं ते इतकं बारीक असतं, की आपल्या बाहीवरचा एखादा धागा उडून बशीत पडला तर तो उगाच शिंपल्याच्या नावावर खपतो. म्हणून आम्ही सगळे सुती डगले घालतो आणि ते भडक लाल रंगात रंगवतो. भिंगाखाली लाल दिसलं की ते आपलं. आपलं मोजायचं नाही, वजा करायचं. शिवाय भिंगाशेजारी एका उघड्या बशीत ओला कागद ठेवतो. हवेतून काय काय पडतंय ते त्यावर कळतं. तिला आम्ही कोरी बशी म्हणतो.

त्या सकाळी माझ्यापुढे दादाचे शिंपले होते. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. खाडीत दोरांवर शिंपले वाढवतो, त्याला तो शेतच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या शिंपल्यांत प्लास्टिक फार निघालं आणि विक्री बंद झाली. तेव्हापासून दादा दुसऱ्यांच्या होड्यांवर राबतोय आणि वहिनी त्याच्या मनाला जपतेय. या वर्षी मात्र दर महिन्याचा अहवाल आधीपेक्षा चांगला येत होता. आता शेवटचा एक चांगला आला की शेत पुन्हा सुरू होणार होतं.

कागद चांगलाच होता. एक-दोन काळे तुकडे, एक पारदर्शक पापुद्रा, बाकी सगळं लाल. सवयीने मी लाल सोडून दिलं, आकडा लिहिला आणि हात धुवायला उठले. नळाखाली हात धरल्यावर माझ्या मनात आलं, की कोरी बशी आपण आज बघितलीच नाही. ओल्या हातानेच परत आले आणि ती भिंगाखाली सरकवली.

बशी खरोखरच कोरी होती. तिच्यावर एकही लाल धागा नव्हता.

२

आपले धागे हवेतून कागदावर पडले, तर बशीतही पडायला हवे होते. माणसाला आधी सोपी कारणं सुचतात. मलाही सुचली. बशी चुकून झाकलेली राहिली असेल, किंवा शिंपला उघडताना बाही घासली असेल. पण माझ्या बाह्या मी कामाआधी दुमडते आणि बशीचं झाकण मागच्या कपाटात होतं.

मग मी जंतूबाईंना हाक मारली. जंतूबाई म्हणजे शेजारच्या खोलीतली माझी जुनी मैत्रीण. समुद्रातल्या प्लास्टिकवर जे सूक्ष्मजीव घर करतात त्यांचा ती अभ्यास करते, आणि त्यांच्याबद्दल इतक्या मायेने बोलते की हे नाव तिला आपोआपच पडलं. प्लास्टिकचा तुकडा पाण्यात पडला की काही तासांत त्यावर जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, त्यात वस्त्या होतात, एकाचं उष्टं दुसरा खातो, आणि शिंपल्याला तो तुकडा खाण्यासारखा वाटायला लागतो, हे ती कुणालाही ऐकवते. लग्नाच्या जेवणातसुद्धा ऐकवलंय.

तिने भिंगातून पाहिलं आणि म्हणाली, "सुई लावून बघ की."

ही आमची साधी परीक्षा. सुई तापवून धाग्याजवळ न्यायची. सुती धागा करपतो, प्लास्टिकचा आक्रसतो नाहीतर वितळतो. लाल धाग्याला आजवर कुणी सुई लावली नव्हती, कारण तो आपला होता. आपल्याला कोण कशाला तपासेल?

मी सुई ज्योतीवर धरली. मग डोळा भिंगाला लावून ती हळूहळू कागदाकडे आणली. सुई अजून बरीच लांब असताना धागा सरकला. आक्रसणं मी हजार वेळा पाहिलंय. हे आक्रसणं नव्हतं. त्याने टोक उचललं, बाजूला घेतलं आणि शेजारच्या लाल धाग्याच्या आड ठेवलं.

मी सुई टेकवली. धागा वितळून गोळा झाला. प्लास्टिकच होतं ते.

"गरम हवेने हलला असेल," जंतूबाई म्हणाली.

"हलला असेल," मी म्हणाले. दोघींनाही ते पटलं नव्हतं, आणि दोघींनाही ते दुसरीच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

दुपारी बसून मी जुने कागद काढले. गाळलेला प्रत्येक कागद आम्ही काचेच्या बशीत झाकून ठेवतो. पूर्वीचे निळ्या धाग्यांनी भरलेले होते, आणि ते निळं कुठून येत होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण दादाचे दोर निळे आहेत. ते झिजतात आणि त्याचेच शिंपले ते गिळतात. पण पुढच्या पुढच्या कागदांवर निळं ओसरत गेलं होतं आणि लाल चढत गेलं होतं. कागदावरची एकूण गर्दी होती तेवढीच होती. आम्ही मात्र खाडी सुधारली म्हणून एकमेकींना चहा पाजत होतो.

३

दादा दुसऱ्या दिवशी नवे शिंपले घेऊन आला. अहवालासाठी थोडे जास्त लागले तर, म्हणाला. खरं म्हणजे त्याला माझ्या चेहऱ्यावरून निकाल वाचायचा होता. मी चेहरा कोरा ठेवला. लहानपणापासून मला तेवढं एकच सोंग नीट जमतं.

तो खुशीत होता. मधल्या वाईट दिवसांत शिंपल्यांची पकड गेली होती म्हणे. शिंपला स्वतःच्या अंगातून तंतू काढून दोराला धरून राहतो. ते तंतू कमी आणि कच्चे झाले की लाट आली की घोसच्या घोस गळून पडतात. प्लास्टिक पोटात गेलं की तंतू कच्चे होतात, हे मीच त्याला सांगितलं होतं. या वर्षी मात्र एकही गळला नव्हता. ओढून निघत नाहीत, कापावे लागतात, असं सांगून त्याने मला हात दाखवले. बोटांना चिरा पडल्या होत्या.

"तंतू कसे दिसतात?" मी विचारलं.

"लालसर. चांगलं खाणं मिळालं असेल त्यांना."

मी त्याच्या पिशवीत पाहिलं. शिंपल्यांना निळ्या दोराचा तुकडा चिकटलेला होता आणि त्याच्याभोवती लाल तंतू गुंडाळलेले होते, एकसारखे आणि ताठ. कुणीतरी बसून शिवल्यासारखे.

ते शिंपले आम्ही टाकीच्या खोलीत सोडले. भिंगाच्या खोलीला लागूनच ती खोली आहे. काचेची मोठी टाकी, हवेचे बुडबुडे, एक खिडकी. शिंपल्यांवर सावली पडली की ते मिटतात, टक असा आवाज होतो. टाकीवर वाकलं की ती टकटक ऐकू येणं हा तिथला रोजचाच प्रकार. त्या दिवशी मी लाल डगला घालून वाकले आणि आवाज आला नाही. शिंपले मिटले नाहीत. होते त्यापेक्षा थोडे जास्तच उघडले. सगळेच.

दादा मागे उभा होता. "ओळखतात की तुला," तो हसून म्हणाला.

मला हसू आलं नाही.

४

मला कुणी मूर्ख बनवतंय असं वाटलं की भीतीच्या आधी राग येतो. हा स्वभाव काही फार चांगला नाही, पण त्या आठवड्यात तोच उपयोगी पडला. घरी एक जुना, न रंगवलेला डगला होता. त्याचं वरून दुसरं काज मागे एकदा फाटलं होतं आणि वहिनीने ते हाताशी होत्या त्या काळ्या दोऱ्याने शिवून दिलं होतं. मी बादलीत रंग कालवला आणि डगला पिवळाधमक केला. काजाचा काळा दोरा तेवढा काळाच राहिला. मग प्रयोगशाळेत सांगून टाकलं की आजपासून मी पिवळं घालणार. साहेबांनी फोनवर कारण विचारलं. लाल रंगाचा कंटाळा आला असं सांगितलं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

मला एवढंच बघायचं होतं, की लाल धागे लालच राहतात का.

काही दिवस पिवळ्यात काम केल्यावर मी दादाला ताजे शिंपले आणायला सांगितलं. पाण्यातून काढून थेट माझ्याकडे. ते मी टाकीजवळही नेले नाहीत. उघडले, विरघळवले, गाळले. कागद भिंगाखाली ठेवताना माझा हात स्थिर होता, याचा मला अजून अभिमान आहे.

कागदावर पिवळे धागे होते.

मी कारणं शोधायला बसले. टाकीचं पाणी नळीने खाडीत जातं, त्यातून माझ्या डगल्याचे धागे गेले असतील. दादाच्या कपड्यांना चिकटून गेले असतील. दोन्ही शक्य होतं. मग मी सुई लावली. माझा डगला सुती. हे धागे वितळले.

खाडीतल्या प्लास्टिकला माझा डगला पिवळा झाल्याचं कळलं होतं. हे वाक्य मनात आलं तेव्हा मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं. अगदी वेड्यासारखं वाटलं. पण दुसरं कुठलंही वाक्य तेवढं नीट बसत नव्हतं.

"जंतूंना डोळे नसतात," जंतूबाई म्हणाली. ती हाताची घडी घालून खिडकीशी उभी होती. "पण काय खपतं आणि काय खपत नाही, हे त्यांना बरोबर कळतं. जे आपण खरवडून फेकतो ते मरतं. जे सोडून देतो ते वाढतं. आपण वर्षभर काय सोडून देत होतो?"

उत्तर तिलाही माहीत होतं आणि मलाही.

५

अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी मी एक मोठा शिंपला उघडला. विरघळवण्याआधी मांस नीट बघावं म्हणून चिमट्याने वरचा पातळ पदर बाजूला केला. त्या पदराच्या आतल्या घडीत काहीतरी पिवळं होतं. नखाएवढं. मी ते सोडवून पाण्यात धुतलं आणि भिंगाखाली ठेवलं.

ते कापड होतं. गुंता नव्हता, जाळं नव्हतं. उभे धागे, आडवे धागे, एक वर एक खाली, डगल्याची असते तशी वीण. एका बाजूला दुमडलेली किनार होती आणि किनारीजवळ एक काज होतं. काजाच्या कडेने टाके घातलेले होते. टाके काळे होते.

मी डगला काढून तो भिंगाशेजारी पसरला. वहिनीचा हात डावरा आहे, त्यामुळे तिचे टाके उलट्या बाजूला कलतात. शिंपल्यातलेही तसेच कलले होते.

माझ्या पाचावर धारण बसली, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. जंतूबाईने एकदाच डोळा लावला आणि लगेच मागे झाली. ती रडत नव्हती, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. बसवत नाही इथे, असं म्हणाली. तू जो अहवाल लिहिशील त्यावर मी सही करीन, पण हे पुन्हा बघणार नाही, असंही म्हणाली. मग पर्स घेऊन निघून गेली. मी तिला अडवलं नाही. ती भित्री नाही. तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, एवढंच.

नुसतं काज कुणी शिवत नाही. काज शिवायचं तर आधी पुढचा भाग बेतावा लागतो, मग पाठ, मग बाह्या. आणि डगला शिवायचा तर तो कुणीतरी घालणार असतो. त्या संध्याकाळी घरी जाताना मी हेच घोकत होते. घरी पोचले तेव्हा भीती संपली नव्हती, पण तिच्या डोक्यावर राग चढून बसला होता. आमच्या कपड्यात शिरून, आमच्या नावाखाली लपून, आम्ही आपलं म्हणून सोडून देतो त्या जागेत हे वाढत होतं. ठीक आहे. मग आता काहीच सोडायचं नाही.

६

सकाळी मी वर्षभराचे सगळे कागद बाहेर काढले आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं. लाल, पिवळं, सगळं. दोन्ही डगले बाहेर दांडीवर टाकले आणि उघड्या हातांनी बसले.

दादा जेवणाच्या आधी आला. त्याने टेबलावर मांडलेल्या बश्या पाहिल्या आणि त्याला कळलं. तो स्टुलावर बसला. मी त्याला सगळं सांगितलं. कापडाचं सांगितलं नाही. धाग्यांचं सांगितलं, सुईचं सांगितलं, आणि हे मोजलं तर त्याचं शेत उघडणार नाही, बहुधा कधीच उघडणार नाही, हेही सांगितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"लाल तुमचं असतं ना?" तो म्हणाला. "तूच सांगितलंस मला. मग तेवढं सोड की."

"ते आमचं नाहीये, दादा."

"कळणार कुणाला?"

"मला कळेल. आणि ते लोकांच्या ताटात जाणार."

त्याने वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याचे ते चिरलेले हात मांडीवर पडले होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी त्याला म्हणाले की तू बस किंवा जा, मी मोजणार आहे. आणि भिंगाला डोळा लावला. लक्ष उडू नये म्हणून मी मोठ्याने मोजते, जुनी सवय आहे.

एक, म्हटलं. शेजारच्या खोलीत टक झालं.

दोन. टक.

सुरुवातीला मी लक्ष दिलं नाही. मग मुद्दाम थांबले. तिकडेही शांत झालं. पुढचा आकडा म्हटला, तिकडे एक शिंपला मिटला. दादाने मान वर केली. उभा जन्म त्याने शिंपल्यांत काढलाय, सावली पडल्याशिवाय ते मिटत नाहीत हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. टाकीच्या खोलीत कुणी नव्हतं. तो उठून दाराशी गेला आणि तिथेच उभा राहिला.

"काय आहे?" मी विचारलं आणि उठून त्याच्या खांद्यामागून पाहिलं.

खिडकीतून लख्ख ऊन टाकीवर पडलं होतं. शिंपले बहुतेक मिटलेले होते आणि प्रत्येकाच्या फटीतून एक धागा बाहेर आलेला होता. सगळे धागे मधोमध जात होते. तिथे पाण्याखाली एक बाही होती. खांद्यापासून कोपरापर्यंत लाल, पुढे पिवळी, दुमडलेली. मी दुमडते तशीच दुमडलेली. ती पाण्यात पोकळ हलत होती. मग ती हलायची थांबली, आणि खांद्याच्या बाजूने फुगत फुगत भरायला लागली. मी तेवढंच पाहिलं. दादाने दार लोटून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिला.

मला वाटलं आता तो मला हाताला धरून बाहेर काढेल. मी पळाले असते, खोटं कशाला सांगू. दाराच्या पलीकडे काहीतरी ओलं लाकडावरून सरकत होतं. दादाचा चेहरा घामाने निथळत होता, पण त्याने पाय फरशीवर रोवले. वादळात होडीवर उभा असतो तसा.

"छोटे," तो म्हणाला, "इकडे बघू नकोस. तू मोज."

"दादा, मग तुझं शेत..."

"मोज म्हटलं ना. लाल मोज, पिवळं मोज. माझ्या दोरांचं निळं दिसलं तर तेही मोज. एकही सोडू नकोस. सोडलेलंच वाढलंय हे."

मी स्टूल ओढून बसले. आवाज चढवला. आकडा म्हटला, पलीकडे टक झालं, आणि माझ्यामागून दादाने तोच आकडा म्हटला, भर खाडीत एका होडीतून दुसऱ्या होडीला हाक मारतात तितक्या जोरात. दार एकदा आतून दाबलं गेलं. त्याने ते परत लोटलं. मी चिमट्याने पुढचा धागा बाजूला केला. तो मुडपून दुसऱ्याच्या आड जायला बघत होता. मी त्याला ओढून उजेडात आणलं, आणि पुढचा आकडा आम्ही दोघांनी एकदमच म्हटला.